बिनविरोध की बोली?



परवा हप्ते गोळा करून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, "निवडणूक बिनविरोध झालेलीच बरी. भांडण नको, खर्च नको." जानेवारी २०२१ मध्ये आमच्या राळेगणसिद्धीतही तसा प्रयत्न झाला होता. जमलं नाही, मतदान झालं. गावानं राजीखुशीनं ठरवलं तर बिनविरोधात काही गैर नाही. पण राजीखुशी कुणाची, हे आपण बायकांनी विचारायला हवं.

त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी इथं पदांचा लिलाव झाला. उमराण्यात बोली देवळाच्या नावानं लागली आणि दोन कोटींच्या वर गेली, अशा बातम्या आल्या. आता सांगा, आपल्यापैकी कुणाच्या डब्यात एवढे पैसे आहेत? पंचायतीत निम्म्या जागा आपल्याला राखीव, पण बोलीत आपण कुठे?

राज्य निवडणूक आयोगानं अहवाल मागवले, चित्रफिती पाहिल्या आणि मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

हा आयोग दिल्लीचा नव्हे. लोकसभा-विधानसभा दिल्लीचा आयोग बघतो. ग्रामपंचायत ते महापालिका आपल्या राज्याचा. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं तो आला. आयुक्त राज्यपाल नेमतात, पण त्यांना काढायचं तर हायकोर्टाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकं अवघड. का? गटाचा हिशेब तपासायला सचिवबाईंचाच नवरा बसवला तर आपल्याला चालेल का?

गोव्यात तसंच झालं होतं. सरकारचे कायदा सचिवच आयुक्तपदाचा जादा कारभार बघत होते. त्याच वेळी काही पालिकांत बायकांच्या राखीव जागा एक तृतीयांशापेक्षा कमी ठेवल्या गेल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मार्च २०२१ मध्ये कोर्टानं बजावलं, सरकारी नोकराकडे हे पद नको. आणि बायकांच्या जागाही नीट करायला लावल्या.

मावशींनी मग विचारलं, "आपल्याकडं बोली लागली तर सांगायचं कुणाला?" तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. एकटीनं नको, चार-पाच जणींच्या सह्या घ्या. एकटीला गाव गप्प बसवतं, हे आम्हाला ठाऊक आहे. आणि अर्जाची पोच मागून घ्या. ती न घेता घरी येऊ नका.