रक्तातील निरोपे



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकातला अधिकार मी सांगत नाही. परंतु आपल्या माणमध्ये घरोघरी एक तक्रार ऐकू येते : आजींचे सांधे सुजतात, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही चेहरा पांढराफटक. ही दोन दुखणी आपण वेगळी मानतो. पुष्कळदा मूळ एकच असते.

रक्तपेशी हाडांतील मज्जेत जन्मतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून दर सेकंदास वीसेक लाख नव्या घडवाव्या लागतात. कोणत्या पेशी किती घडवावयाच्या, याचे निरोप नेणारी सूक्ष्म प्रथिने असतात; शास्त्रज्ञ त्यांना सायटोकाइन म्हणतात. जखम झाली की हेच निरोपे तेथे सूज आणतात आणि मज्जेकडून पांढऱ्या पेशी मागवितात. काम उरकले की त्यांनी थांबावयाचे. आमवातात ते थांबत नाहीत.

त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ चे जनुक १९८६ साली जपानात किशिमोतो यांच्या गटाने हाती आणले. हा निरोप्या यकृताकडून हेप्सिडिन नावाचे द्रव्य करवितो, हे २००४ साली सिद्ध झाले. हेप्सिडिन शरीरातील लोहाला कुलूप घालते. जंतूंना लोह मिळू नये, हा त्यातील हेतू असावा. पण कुलूप महिनोन्‌महिने राहिले, की कणगी भरलेली आणि चूल थंड, अशी गत होते. गोळीतले लोहही मग आतड्यातून नीटसे रक्तात उतरत नाही.

असे संशोधन परदेशीच चालते असे नव्हे. पुण्यास गणेशखिंडीत नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे. तेथील डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २००३ साली उंदरांच्या पेशींवर दाखविले की, ज्या मूळ पेशींतून हाड कुरतडणाऱ्या पेशी निपजतात, त्यांनाच इंटरल्यूकिन-३ दुसऱ्या वाटेस लावते. त्या जंतुभक्षक पेशी बनतात. २०११ साली सांधेदुखी जडविलेल्या उंदरांतही तिचा जोर ओसरल्याचे त्यांना आढळले. अर्थात उंदरास लाभले ते उद्या माणसास मिळेल, असे कोणी समजू नये.

इंटरल्यूकिन-६ ची वाट अडविणारे टोसिलिझुमॅब मात्र आमवातावर वापरात आहे. २०२१ च्या करोनात त्याच्या एका कुपीसाठी लोकांची किती वणवण झाली!

म्हणून टॉनिकची नवी बाटली आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून फेरिटिन आणि सीआरपी या तपासण्या करून घ्याव्यात. फेरिटिन उणे असेल तर लोह खरोखरच हवे. फेरिटिन भरपूर, सीआरपी चढलेले आणि तरी रक्त कमी, असे निघाले तर आधी सुजेचा उपचार डॉक्टरांस विचारावा.