रंग गेला, पाण्याचे काय?



उज्जैनला मराठी कानावर पडणे नवे नाही. महाकालाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभे केले. तरीही या परिषदेच्या अध्यक्षपदावरून मी तुमचे लक्ष मंदिराच्याही पुढे, उत्तरेला, क्षिप्रेच्या काठावरच्या भेरूगडकडे नेणार आहे. सिद्धवट आणि काळभैरवाच्या या परिसरात छिपा कारागीर बाटिक करतात. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले. शेतातल्या काडीकचऱ्यापासून उत्प्रेरक बनवून रंगाचे पाणी स्वच्छ करण्याचे संशोधन देशभरच्या महाविद्यालयांत चालू आहे. ते खरे उतरते का, हे पाहायला भेरूगडहून जवळची जागा आपल्याला मिळणार नाही.

बाटिकमध्ये नक्षी मेणाने काढतात, म्हणून रंग गरम चालत नाही, मेण वितळेल. थंड चालणाऱ्या नॅप्थॉलच्या पद्धतीत कापड आधी कॉस्टिक सोड्यात विरघळवलेल्या नॅप्थॉलमध्ये बुडवतात, मग डायझो क्षाराच्या द्रावणात, आणि रंग थेट धाग्यावरच तयार होतो. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढतात. ते पाणी गार झाले की मेण वर येऊन गोठते आणि पुन्हा वापरता येते. उरलेल्या पाण्यात काय असते? कॉस्टिक, क्षार, मेणाचा अंश, धाग्याला न चिकटलेला रंग आणि पाण्यात न विरघळणारे रंगाचे बारीक कण.

आता आपले शोधनिबंध उघडा. बहुतेकांत मिथिलीन ब्लू असते, तेही ऊर्ध्वपातित पाण्यात, काचेच्या चंचुपात्रात. १८७६ मध्ये हाइनरिख कारो यांनी बनवलेला हा रंग स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे, म्हणून आपण त्याच्याकडे वळतो. पण त्याच्या कणांवर धन भार असतो, आणि वनस्पतीपासून केलेल्या कोळशाचा पृष्ठभाग तिथल्या कार्बॉक्सिल गटांमुळे साधारणतः ऋण. दोघे एकमेकांना ओढतात आणि आलेख सुंदर येतो. सुती कापडावरचे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित असतात आणि त्यांचे सांडपाणी अल्कधर्मी असते. तिथे तोच कोळसा रंगाला दूर लोटतो. मिथिलीन ब्लूवर यशस्वी ठरलेले द्रव्य इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या रंगशाळेत का हरते, याचे एक मोठे कारण इथे आहे. ते कारण निबंधात लिहिले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग उत्प्रेरक हवाच कशाला, नुसता कोळसा का नको? कारण कोळसा रंग मोडत नाही, फक्त आपल्या अंगावर घेतो. पाण्यातला कचरा कोळशात जातो, एवढेच. रंगाचा रेणू फोडायचा असेल तर हायड्रॉक्सिल मूलकासारखे तीव्र काहीतरी लागते. १८९४ मध्ये केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची, असे मूलक देणारी जोडी दाखवली. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखवले, आणि प्रकाश-उत्प्रेरकाची वाट खुली झाली. दोन्ही वाटांना अडचणी आहेत. फेंटनची प्रक्रिया सामू ३ च्या आसपास नीट चालते, आणि आपले पाणी कॉस्टिकचे. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाश लागतो, जो सूर्यप्रकाशात जेमतेम विसावा हिस्सा असतो.

काडीकचऱ्याचे खरे काम इथे सुरू होते. भुसा कमी हवेत, चारशे ते सहाशे अंशांवर तापवला की छिद्रमय कोळसा मिळतो. त्यावर लोहाचे किंवा जस्ताच्या ऑक्साइडचे कण बसवले तर ते एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. रंग छिद्रांमुळे कणांच्या जवळ येऊन थांबतो. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन कोळशातून वाहून जातो, त्यामुळे तो लगेच आपल्या जागी परतत नाही आणि उत्प्रेरकाला काम करायला वेळ मिळतो. लोह कोळशावर बांधलेले असले की फेंटनची प्रक्रिया सामूची थोडी जास्त मोकळीक देते. आणि लोह मॅग्नेटाइटच्या रूपात असेल तर काम झाल्यावर ते चुंबकाने गोळा करता येते. भाताच्या तुसाची गोष्ट वेगळी. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख असते आणि त्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यातल्या मित्रांनी कणांना आधार म्हणून त्या सिलिकेचा विचार करावा.

टाकाऊ म्हणजे फुकट, हे मात्र मानू नका. कोल्हापूरकडच्या उसाची चिपाडे कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतात आणि वीज देतात. ती मागायला गेलात तर मोल द्यावे लागेल. गव्हाचे भूस आणि सोयाबीनचे कुटार जनावरे खातात. माळव्यात हार्वेस्टर गेल्यावर शेतात खुंटांची जी नरवाई उभी राहते, ती शेतकरी पेटवून देतात. ती कुणाच्या तोंडची नाही. माझे मत विचाराल तर उज्जैनच्या प्रयोगशाळांनी तिथून सुरुवात करावी. महाकालाच्या निर्माल्याचा मोह होईल, पण ओली फुले वाळवण्यातच इंधन जाते. त्यांचे खत व्हावे हे बरे.

एका प्रकाराबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. पानांच्या अर्कातून चांदीचे कण करायचे, मग सोडियम बोरोहायड्राइड घालून काही मिनिटांत रंग घालवायचा आणि त्याला हरित म्हणायचे. तिथे रंग तुटतो तो बोरोहायड्राइडच्या इलेक्ट्रॉनांनी. ॲझो बंध फुटला की उरतात अमाइने. काँगो रेड या ॲझो रंगातून बेंझिडीन मिळते, जे माणसात कर्करोग घडवते. पाणी नितळ दिसेल आणि आधीपेक्षा घातकही असू शकेल. म्हणून रंग किती गेला याच्या जोडीला एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे मोजलेच पाहिजे. ते यंत्र महाविद्यालयात नसेल तर निदान रासायनिक ऑक्सिजन मागणी तरी मोजावी. अंधारातला नियंत्रण प्रयोगही हवाच; नाहीतर शोषण किती आणि विघटन किती, हे कधीच कळणार नाही. उत्प्रेरक पाच वेळा वापरल्यावर धातू पाण्यात किती उतरला, आणि शेवटी त्या कोळशाचे काय करायचे, याचीही उत्तरे निबंधातच द्यायला हवीत.

क्षिप्रेबद्दल प्रामाणिक राहू या. तिचा मोठा भार भेरूगडच्या रंगाचा नाही. इंदूरकडून येणारी कान्ह त्रिवेणीपाशी, शहराच्या वरच्या अंगाला तिला मिळते, आणि तो मैला आपल्या काडीकोळशाने निघणारा नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी नदी स्वच्छ करायची तर काम सांडपाण्याच्या वाहिन्यांवर आणि शुद्धीकरण केंद्रांवर व्हावे लागेल. आपला वाटा छोटा आहे: कारागिराच्या घरामागचा एक हौद. पण तो हौद कारागिराला परवडेल अशा खर्चात साफ झाला, तर मानांकन मिळालेला हा धंदा नदीकाठी ताठ मानेने टिकेल.

म्हणून माझी मागणी आहे. या परिषदेतल्या प्रत्येक विभागाने पुढच्या वर्षी आपल्या जवळच्या एका रंगशाळेशी करार करावा. नमुने तीन वेगवेगळ्या वेळी घ्यावेत: रंग बुडवल्यावर, धुतल्यावर आणि मेण काढल्यावर. ती तीन पाणी एकमेकांसारखी नसतात. निष्कर्ष फसले तरी ते लपवू नयेत. पुढच्या परिषदेत एक संपूर्ण सत्र अशा फसलेल्या प्रयोगांसाठी राखून ठेवावे, असा ठराव मी स्वतः मांडत आहे. आणि निबंधाचा गोषवारा मराठीत आणि हिंदीत, दोन पानांत, रंगाऱ्याच्या हातात द्यावा, त्यात एका हौदाला किती किलो कोळसा लागतो आणि किती रुपये पडतात हे आधी लिहून.