आकड्यांतून आकाराकडे
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



संगणक त्रिमिती चित्र कसे तयार करतो, हा आजचा विषय ऐकायला जड वाटेल. पण तुमच्यापैकी पुष्कळांनी असे चित्र पाहिले असेल. घरात कोणाच्या डोक्याला मार लागला की डॉक्टर सी.टी. स्कॅन करायला सांगतात. पडद्यावर कवटी उभी राहते, ती हवी तशी फिरवता येते. आपण म्हणतो, "आतला फोटो आला." वास्तविक तो फोटो नसतो. ते चित्र आकड्यांतून बांधलेले असते आणि बांधताना माणसाने काही निर्णय घेतलेले असतात. ते निर्णय कोणते, हे आज पाहू.

सी.टी. यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी लंडन येथे १९७१ साली झाली. त्याचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडते आणि शरीराचे, पावाच्या चकत्यांसारखे, पातळ काप आकड्यांत मांडते. पाण्याला ०, हवेला उणे १०००, हाडाला काही शेकडे किंवा त्याहून अधिक. एका कापात ५१२ ओळी, प्रत्येक ओळीत ५१२ आकडे. असे ३०० काप घेतले तर सुमारे ७ कोटी ८६ लाख आकडे होतात! इतके आकडे कोण वाचणार?

म्हणून हे आकडे एका साखळीतून जातात. आधी येतात गाळण्या. त्यांना फिल्टर म्हणतात. एक गाळणी आकड्यांतील खरखर कमी करते. दुसरी एक मर्यादा धरते, समजा ३००. आकडा जेथे ही मर्यादा ओलांडतो तेथे हाडाचा पृष्ठभाग मानायचा. तो पृष्ठभाग उभारण्याची एक पद्धत विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. शेजारचे आठ आकडे घेऊन एक घन कल्पायचा. प्रत्येक कोपरा मर्यादेच्या आत की बाहेर, एवढेच पाहायचे. आठ कोपरे, प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे २५६ प्रकार. सारखे प्रकार एकत्र केले की उरतात अवघे १५! प्रत्येक प्रकारात त्रिकोण कसे बसवायचे ते ठरलेले असते. घनामागून घन घेत गेले की कवटी आकाराला येते. आणखी एक गाळणी जादा त्रिकोण कमी करते.

शेवटची पायरी रेंडरिंगची, म्हणजे चित्र रंगवण्याची. प्रकाश कोठून येतो, पाहणारा कोठे उभा आहे, हे ठरवून संगणक प्रत्येक त्रिकोणाची उजळी काढतो. त्यासाठी लागतो त्रिकोणावरील लंब आणि प्रकाशकिरण यांमधील कोनाचा कोसाइन. "ही त्रिकोणमिती पुढे कोठे उपयोगी पडणार?" असे विचारणाऱ्या दहावीच्या मुलामुलींना हे एक उत्तर आहे.

आता मुख्य मुद्दा. पीठ फार बारीक चाळणीने चाळले तर कोंड्याबरोबर सत्त्वही जाते. येथेही तसेच आहे. डोळ्याच्या खोबणीतील हाड कागदासारखे पातळ असते. मर्यादा थोडी जास्त धरली की चित्रात तेथे भोक दिसते, प्रत्यक्षात हाड शाबूत असते. उलट, गुळगुळीतपणा फार केला तर खरा बारीक तडा पुसला जातो. चित्र मात्र दोन्ही वेळा सुंदरच दिसते! म्हणून जाणते डॉक्टर त्रिमिती चित्रावर विसंबून न राहता मूळ काप पुन्हा पाहतात.

विद्यार्थी मित्रांनो, हे चित्र बांधणारी माणसे गणित आणि संगणक शिकलेली आहेत. १९९३ साली सुरू झालेले व्हीटीके नावाचे साधन आज विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. त्यात मधली एक गाळणी बदलून पाहा. चित्र कसे बदलते ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आणि पालकहो, मुलगी असो वा मुलगा, गणिताचा कंटाळा आला म्हणून त्यांना तो विषय सोडू देऊ नका. समोर आलेल्या देखण्या चित्रामागे कोणते आकडे आहेत, हे विचारण्याची सवय त्यांना लावा. उद्या कोणा रुग्णाचा जीव त्या सवयीवर अवलंबून असेल.