रुग्णशय्येजवळील पडदा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही वैद्य नाही, डॉक्टरही नाही. तथापि आजचा विषय वैद्यकातला आहे. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबावर केव्हा ना केव्हा रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी बसण्याचा प्रसंग येतो. गंभीर रुग्णाजवळ तेथे एक पडदा सतत उजळलेला असतो, आणि घरच्या मंडळींचे डोळे रुग्णाकडे कमी व त्या पडद्याकडे अधिक लागलेले असतात. तो पडदा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच आम्हांस निवेदन करावयाचे आहे.

पूर्वी वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहत. आता यंत्र अहोरात्र पहारा करते. पडद्यावरील बहुधा सर्वांत वरची रेषा हृदयातील विद्युत्-संदेशाची होय. हा संदेश अचूक टिपणारे यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी सिद्ध केले. त्या काळी रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९२४ साली आइन्थोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज छातीवर चिकटवलेल्या लहान चकत्या तेच काम करतात. परंतु ही रेषा हृदयाला मिळालेल्या आज्ञेची आहे. ती आज्ञा पाळली जाऊन रक्त पुढे ढकलले गेले की नाही, हे ती सांगत नाही.

ते कळते दुसऱ्या लहरीवरून. बोटाला लावलेल्या चिमट्यातून तांबडा व अवरक्त प्रकाश जातो. प्रत्येक ठोक्यासरशी बोटात रक्त येते, तसा तो कमीअधिक शोषला जातो, आणि त्यावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काढले जाते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये हे तत्त्व मांडले. २०२० नंतरच्या महामारीत हाच चिमटा आपल्या अनेक घरांत आला. निरोगी माणसाचा आकडा बहुधा ९५ ते १०० असतो. पण थंड पडलेली बोटे, नखांचा रंग वा हाताची हालचाल यांमुळे तो चुकू शकतो.

तिसरा आकडा रक्तदाबाचा. दंडावरचा पट्टा ठरावीक वेळानेच फुगतो. म्हणून पडद्यावरचे १२० आणि ८० हे आकडे या क्षणाचे नसून पंधरा मिनिटांपूर्वीचेही असू शकतात. क्षणाक्षणाचा दाब हवा असेल तर धमनीत बारीक नळी घालावी लागते. तात्पर्य, एकाच पडद्यावर ताजे आणि शिळे आकडे शेजारी शेजारी नांदत असतात!

आता घरचा अनुभव सांगतो. आमचे वडील बंधू काही काळापूर्वी हृदयविकाराने रुग्णालयात होते. एके रात्री प्राणवायूचा आकडा एकाएकी ७१ वर आला व यंत्र ओरडू लागले. आमचा पुतण्या घाबरून धावत सुटला. परिचारिका आल्या. त्यांनी प्रथम पडदा पाहिला नाही. बंधूंचे ओठ पाहिले, श्वास पाहिला, त्यांना नावाने हाक मारली. मग हसून म्हणाल्या, "ज्या हाताला चिमटा आहे, त्याच हाताचा पट्टा फुगला आहे. रक्तच अडले, तर चिमटा काय मोजणार?" चिमटा दुसऱ्या हाताला लावताच आकडा ९७ झाला.

तीन दिवसांनी याच्या उलट घडले. पडद्यावर सारे यथास्थित होते. परंतु वहिनी म्हणाल्या, "यांचे बोलणे आज अडखळते आहे." आम्ही पडद्याकडे बोट दाखवून त्यांची समजूत घालू लागलो. त्यांनी आमचे ऐकले नाही. डॉक्टरांना बोलावून आणले. मेंदूच्या रक्तप्रवाहात अडथळा आल्याचे तपासणीत आढळले आणि वेळीच उपचार झाले. आज बंधू याच सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत. त्या दिवशी वहिनींनी आमचे ऐकले असते तर, हा विचार आजही आमची झोप उडवतो.

यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. हृदयाचा ताल बिघडताच क्षणात हाक देणारा असा पहारेकरी दुसरा नाही. त्याने असंख्य प्राण वाचविले आहेत. म्हणून त्याचा आवाज घरच्यांनी कदापि बंद करू नये, तारांना हात लावू नये, परिचारिकेस बोलवावे. पण ज्याने त्या माणसाबरोबर चाळीस वर्षे संसार केला, त्याच्या डोळ्यांना व कानांना जे कळते, ते यंत्राला कळत नाही. तेही डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

आपल्या मंडळातर्फे रुग्णांच्या सोबतीला जाणाऱ्या युवकांना एखाद्या डॉक्टरांकडून हे दोन तासांत शिकविता येईल. कार्यकारिणीने ही विनंती मनावर घ्यावी, अशी आमची प्रार्थना आहे.