विहिरीचे पाणी आणि गाडीवरचे डाग

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ऊस कारखान्याला जाण्याचे दिवस होते. आईला घेऊन मी गावाहून परत निघालो होतो. निघण्यापूर्वी, भर दुपारी, गाडी अंगणात उभी करून बोअरच्या पाण्याने मनसोक्त धुतली होती. दिवस मावळला, समोरून एक ट्रक आला, आणि त्याच्या दिव्यांचा उजेड पडताच पुढची काच चाळणीसारखी दिसू लागली. जिकडे तिकडे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याची कड चकाकणारी. त्या चकाकीपलीकडे उसाची बैलगाडी चालली होती. ती मला दिसली तेव्हा दहा-बारा हातांचे अंतर उरले होते. गाडी थांबली, एवढेच. गाडीवान खाली उतरला आणि काही न बोलता बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

आई म्हणाली, "काच पुसली नव्हतीस का रे?"

"अगं, दुपारीच धुतली की."

"धुतलीस रे. पण पुसलीस का?"

मी रसायनशास्त्र शिकवतो. हा प्रश्न आईने विचारायची वेळ यायला नको होती.

गाडीवर पाण्याचे डाग पडतात ते मळाचे नव्हेत, ते दगडाचे असतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा आपला बहुतेक मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कर्बवायू घेते, किंचित आम्ल होते आणि त्या पाषाणातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवीत खाली उतरते. हेच आपले जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' म्हणतात. घरातल्या बायका म्हणतात, 'या पाण्यात डाळ शिजत नाही.' दुसरे वर्णन मला जास्त शास्त्रीय वाटते. कोकणात जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा हलके असते, त्यामुळे तिकडच्या मंडळींना माझे हे रडगाणे कदाचित पटायचे नाही.

पाणी उडून जाते, कर्बवायूही जातो. चुना मात्र जागच्या जागी राहतो. बंबाच्या आत पांढरा थर धरतो, तोच हा. किती राहतो पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. धुतल्यावर गाडीवर पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी राहिले असे धरा. ६०० च्या हिशेबाने त्यात १२० मिलिग्रॅम चुनखडी झाली. चिमूटभरही नव्हे! पण ती सारखी पसरत नाही. थेंबाची कड काचेला धरून बसते, कडेचे पाणी आधी उडते, त्याची जागा भरायला मधले पाणी कडेकडे धावते आणि जाताना क्षार घेऊन जाते. म्हणून डागाला कडे असते. सांडलेल्या कॉफीच्या डागाला अशीच गडद कड का येते, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली केला.

तेव्हा धुणे ही अर्धीच गोष्ट. शेवटचा थेंब गाडीवर वाळू द्यायचा नाही, ही खरी गोष्ट. माझी चूक दुहेरी होती: भर ऊन आणि तापलेला पत्रा. उन्हे वर येण्यापूर्वी धुवा, नाहीतर कलल्यावर. प्रवासातून आल्या आल्या तर नकोच, बॉनेटवर हात ठेववेल इतके ते निवू द्या. सावली निंबाची चांगली. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नका, तुडतुड्यांचा चिकटा धुता धुता दुसरा दिवस उजाडेल.

आधी नुसते पाणी ओतून धूळ भिजवा आणि वाहू द्या. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे वाळूने घासणेच. मग टपापासून खाली, एकेक भाग घेऊन धुवा. एका बाजूचा फेस वाळेपर्यंत दुसरीकडे रेंगाळू नका. अंगाचा वा कपड्याचा साबण नको. जड पाण्यात त्याची चिकट पांढरी साय होते आणि चुन्यावर तिचा थर बसतो. गाडीसाठी मिळणारा पातळ साबण झाकणभर पुरे.

शेवटचे पाणी फवाऱ्याने मारू नये. तांब्याने, वरून, सावकाश ओतावे. पाण्याची सलग चादर खाली उतरते आणि जाताना बरेचसे थेंब बरोबर नेते. उरलेले टिपायला जुन्या धुतलेल्या धोतराचे फडके उत्तम, बाजारातले मऊ लवदार कापडही चांगले. एक ओले पिळून फिरवायचे, त्यामागून दुसरे कोरडे. मेण लावलेल्या गाडीचे पाणी आपोआप निथळते असे लोक समजतात. निथळते खरे, पण राहिलेल्या प्रत्येक टपोऱ्या थेंबाचा वेगळा डाग होतो. पुसणे काही सुटत नाही.

या शेवटच्या पाण्यासाठी मी आता पागोळ्यांचे पाणी पिंपात धरून ठेवतो. पहिला पाऊस जाऊ द्यावा, पत्रे धुऊन निघतात. नव्या सिमेंटच्या टाकीत ते साठवू नये, तिचा चुना पाण्यात उतरतो. अर्धी बादली भागते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते, ते वाया कशाला घालवा म्हणून कित्येक जण गाडीला वापरतात. हेतू चांगला, पण घरातले सर्वांत क्षारयुक्त पाणी तेच. ते चाकांना वापरा. आणि नळी लावणाऱ्यांनी एकदा तिच्याखाली बादली धरून घड्याळ पाहावे; टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते पाहण्यासारखे असते.

डाग पडलेच, तर ताजे असतानाच काढावेत. पांढरा व्हिनेगर आणि तितकेच पाणी, त्यात फडके भिजवून काचेवर ठेवा, चुना विरघळतो. रंगावर मात्र थंड सावलीत, आधी कोपऱ्यात करून पाहा आणि लगेच भरपूर धुवा. महिनोन्महिने साचलेल्या डागात काळ्या पाषाणाची सिलिकाही असते, ती व्हिनेगरला दाद देत नाही. राखेने घासाल तर डागाबरोबर रंगही जाईल.

गुरुजींसाठी एक प्रयोग. काचेच्या तीन स्वच्छ पट्ट्या घ्या. एकीवर विहिरीच्या पाण्याचा थेंब, दुसरीवर पावसाच्या, तिसरीवर बॅटरीत घालतात त्या पाण्याचा. उन्हात ठेवून द्या आणि वाळल्यावर मुलांना भिंगातून पाहू द्या. मग पहिल्या डागावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येतील. पाषाणातून पाणी उतरताना मातीतला जो कर्बवायू त्या चुन्यात अडकला होता, तोच हा, मुलांच्या डोळ्यांदेखत सुटतो.