संकेतस्थळाचा उंबरठा



ग्रंथालयाच्या पायऱ्यांना कठडा असावा, हे कोणालाही पटते. शासकीय संकेतस्थळालाही कठडा लागतो, हे मात्र समजावून सांगावे लागते. पूर्वी कचेरीच्या खिडकीशी अडलेला माणूस कारकुनाला विचारू तरी शके. आता ती खिडकीच संगणकात गेली आहे. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या संकेतस्थळामार्फतच देण्याचे बंधन आले. म्हणजे ज्याला दिसत नाही, त्याने ते सिद्ध करण्यासाठी आधी पडद्यावरचा अर्ज भरावयाचा!

अंध माणूस संगणक वापरतो तो कानांनी. ‘एनव्हीडीए’सारखी विनामूल्य प्रणाली पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविते, मराठीही वाचते. पण तिला अक्षरे हवीत, अक्षरांचे चित्र नव्हे. छापून, सही-शिक्का उमटवून, पुन्हा प्रतिमा काढून चढविलेले परिपत्रक तिच्या लेखी कोरे पान असते. मराठीला याखेरीज एक जुने दुखणे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक फाँटांत देवनागरी अक्षराच्या पोटात रोमन चिन्ह साठविलेले असे. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसे; यंत्राच्या तोंडून मात्र निरर्थक बडबड बाहेर पडे. त्या काळातील कागद जसेच्या तसे चढविले, तर आजही तेच घडते.

सुरत-बारडोली रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे छेदतो, त्या कडोदऱ्याचा विचार करावा. सुरतेच्या कापडधंद्याने खानदेशातील कितीतरी कुटुंबे या पट्ट्यात आणली. त्यांतील अनेकांना गुजराती कानाने येते, डोळ्याने नाही. शिरोरेषा नसलेली लिपी पाहून डोळस मराठी माणूस अडखळतो. अंध माणसाला ही अडचण नाही. पान खऱ्या अक्षरांत असेल आणि त्याची भाषा गुजराती असल्याची छोटीशी नोंद पानाच्या संहितेत केलेली असेल, तर यंत्र वाचते आणि कान समजून घेतो. येथे अंध वाचक डोळसाच्या पुढे जातो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती एक नोंद राहिली, की यंत्र भलत्याच भाषेच्या स्वरात अडखळते किंवा गप्प बसते. एका ओळीचे काम. खर्च काहीच नाही.

यंत्रात बोटे गमावलेल्या कामगाराला माउस धरता येत नाही. त्याच्यासाठी सारा अर्ज कळफलकावरून भरता आला पाहिजे. कर्णबधिराला चित्रफितीखाली मजकूर हवा. आणि ‘वेडीवाकडी अक्षरे ओळखा’ ही परीक्षा तर अंधाला थेट दाराबाहेर उभी करते.

कायदा नाही असे नाही. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. परंतु २०१७ च्या नियमांनी ही मानके केवळ शिफारशीसारखी ठेवली, असे राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरविले आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत आखण्यास सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांनी संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यात आम्लहल्ल्याने चेहरा भाजलेल्या स्त्रियाही होत्या. ओळख पटविण्यासाठी ‘डोळे मिचकावा’ असे यंत्र सांगे, आणि ते त्यांना शक्यच नव्हते. संकेतस्थळाच्या चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे, ही त्या निकालातील सूचना सर्वांत मोलाची वाटते. कारण डोळस तपासनीसाला कोरे पान कोरे दिसतच नाही.

ग्रंथालयांनीही आपल्या घरी पाहावे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अपंगांसाठी सुलभ प्रती काढण्याची मुभा आली. मराकेश करार मान्य करणारा पहिला देश २०१४ मध्ये भारतच ठरला. तरीही दुर्मिळ ग्रंथांच्या बहुतेक संगणकीय प्रती म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. ही स्मरणिकाही उद्या संगणकावर चढेल. तिची युनिकोडमधील मूळ प्रत मुद्रकाकडून आजच मागून ठेवावी; छपाई आटोपल्यावर ती सहसा हाती लागत नाही.