फ्यूजच्या जागी तार नको
सुगीत आम्ही गटाच्या ट्रॅक्टरला फ्यूजऐवजी तार बांधली. दिव्यांची वायर वितळली, धूर निघाला. थोडक्यात वाचलो.

अमेरिकेत पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीत काही गाड्यांचा गिअर बटणावर बदलतो. बटण दाबलं की विजेचं सोलेनॉइड गिअरचा दांडा ढकलतं. त्याला करंट भरपूर लागतो; तो सगळा बटणातून नेला तर बटणच जळेल. म्हणून बटणाची बारीक वायर रिलेला, बॅटरीची जाड वायर रिलेतून सोलेनॉइडला. फ्यूज मात्र बॅटरीजवळच. पुढे वायर कुठे घासली, तर आधी फ्यूज उडतो.

गाडी शर्यतीची असो की शेतातली, फ्यूज उडाला तर आधी कारण शोधा, मग तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. आम्ही आता दोन जास्तीचे डब्यात ठेवतो.